रंग गेला कुठं

तेरवाडच्या बंधाऱ्यावरून पोतंभर केंदाळ आणलं.
मुळ्यांत गोगलगायी, एक चप्पल, कुणाच्या तरी पूजेचा दोरा.
गोगलगायी परत सोडल्या. चप्पल कचऱ्यात.
दोऱ्याचं काय करावं कळेना,
प्रयोगशाळेच्या खिडकीला बांधला. अजून आहे.

विद्यापीठाच्या गच्चीवर आठ दिवस वाळवलं,
मोरांनी दोनदा उपसलं.
पोत्याचं झालं पायलीभर,
पायलीचं भट्टीत ओंजळभर.
बाकी सगळं पाणीच होतं,
नदीचं, उसनं घेतलेलं.

बाळगोंडामामा भट्टीपाशी स्टूल टाकून बसतात.
त्यांचे वडील गुळवे होते, सांगरूळकडं;
काहील कधी उतरवायची ते वासावर सांगायचे.
मामाही आकड्याकडं बघत नाहीत.
"आठशे झालं असंल, पर अजून कच्चं हाय."
नायट्रोजनच्या बंद नळीतून
त्यांना कसला वास येतो, देव जाणे.
एकदा मी घाई केली. कोळसा निघाला
ओल्या चिपाडाच्या जाळासारखा, धुरकट, निकामी.
तेव्हापासून विचारते.

जाळायचं, पण पेटू द्यायचं नाही.
हवा तोडायची.
पान पान असणं विसरतं,
उरतात नुसती भोकं,
इतकी, की चिमूटभर कोळसा उलगडला
तर खासबागेचा हौदा झाकेल.
हे आईला सांगितलं. ती म्हणाली,
"आणि झाडायचं कुणी?"

अप्पा इचलकरंजीला प्रोसेसमध्ये, एकतीस वर्षं.
नखं बघून आई ओळखायची कुठला माल चाललाय.
जांभळी म्हणजे दिवाळीचा,
काळी म्हणजे छत्र्यांचं कापड.
दहावीच्या निकालाला त्यांनी मला
हिरव्या बोटांनी पेढा भरवला होता.

ज्या दिवशी जमलं,
त्या दिवशी निळं पाणी हलवत उभी होते.
वीस मिनिटं.
निळं, मग आभाळी, मग
नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं,
मग काहीच नाही.
मामांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

बाटली घरी नेली. नियमात बसत नाही.
अप्पांनी ट्यूबलाइटसमोर धरली, कलती केली,
हुंगली.
"रंग गेला कुठं?"
म्हटलं, तुटला.
"तुटून काय झालं त्याचं?"
लहान तुकडे झाले, म्हटलं, मग आणखी लहान,
शेवटी पाणी आणि वायू.
"शेवटी म्हंजे कवा?
दिसत न्हाई म्हंजे न्हाईच, असं नसतंय पोरी.
आमचा मालक बी रंगच बघतोय."

मला राग आला. रात्री दीडपर्यंत होता.
मग उठून वहीत लिहिलं: तुकडे मोजणे.

चार महिने तेच.
खऱ्या नाल्याचं पाणी आणलं तर
साबण, मीठ, खळ, काय काय. कोळसा बावचळला.
काचेच्या चंबूतलं पाणी एका गुन्ह्याचं असतं,
नाल्यातलं अख्ख्या गावाचं.
आणि कोळसा दमतो.
पहिल्या फेरीला सत्त्याण्णव टक्के, दुसरीला त्र्याण्णव,
पाचव्या फेरीला एकाहत्तर.
धुवून, वाळवून, परत तापवला की सावरतो थोडा.
पूर्ण नाही.
हा तक्ता अप्पांना दाखवलेला नाही.

काल पुन्हा बंधाऱ्यावर गेले, पोतं घेऊन.
केंदाळ होतं त्याच्या दुप्पट झालंय,
वर फुलं, दिवाळीच्या मालाच्या रंगाची.
गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं,
"म्हशीला? खात न्हाईत त्या हे."
म्हटलं, कोळसा करायचाय.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
मग पोत्यातून निथळणाऱ्या पाण्याकडं.
"वलं हाय की."
व्हय, म्हटलं. वाळवाय लागतंय.